फॅनसबमधील चित्रफीत व उपशीर्षक स्वरूपे

जपानी ॲनिमे मालिका व चित्रपटांच्या ज्या भाषांतरित आवृत्त्या चाहते स्वतःहून, विनामोबदला आणि बहुधा हक्कधारकांच्या परवानगीविना तयार करतात, त्यांना फॅनसब असे म्हणतात. अशी आवृत्ती तयार करताना तीन निर्णय घ्यावे लागतात : चित्र कोणत्या कोडेकने आवळायचे, ते कोणत्या कंटेनरमध्ये ठेवायचे आणि भाषांतराचा मजकूर चित्रात कायमचा कोरायचा की त्याच्यापासून सुटा ठेवायचा. हे निर्णय वरकरणी तांत्रिक वाटतात. तथापि ती आवृत्ती कोणत्या उपकरणावर चालेल, भाषांतरातील चूक नंतर दुरुस्त करता येईल किंवा नाही आणि काही वर्षांनी अधिक चांगले चित्र उपलब्ध झाल्यावर जुने भाषांतर त्यास जोडता येईल किंवा नाही, हे सर्व त्यांवरच अवलंबून असते. फॅनसब समुदायात गेल्या पंचवीस वर्षांत स्वरूपांवरून जे वाद झाले, त्या बहुतेकांच्या मुळाशी आज अधिकाधिक लोकांना पाहता यावे ही इच्छा आणि उद्यासाठी काम शाबूत राहावे ही इच्छा यांतील ओढाताण दिसते.

कोडेक आणि कंटेनर

या दोन संज्ञांची गल्लत नेहमी होते. कोडेक म्हणजे चित्र किंवा ध्वनी कमी जागेत मावेल अशा रीतीने संकेतबद्ध करण्याची व पुन्हा उलगडण्याची पद्धत; एच.२६४, एक्सव्हिड, एव्ही१ ही कोडेकची किंवा त्यांमागील मानकांची नावे होत. कंटेनर म्हणजे आवळलेले चित्र, ध्वनी, उपशीर्षके, प्रकरणांच्या खुणा इत्यादी एकत्र बांधून ठेवणारी संचिका. एव्हीआय, एमपी४ आणि एमकेव्ही हे कंटेनर आहेत. एकाच कोडेकचे चित्र वेगवेगळ्या कंटेनरमध्ये राहू शकते, त्यामुळे ‘एमकेव्हीचे चित्र एमपी४पेक्षा चांगले असते’ यांसारख्या विधानास अर्थ नाही. चित्राचा दर्जा कोडेकवर व तो वापरणाऱ्याच्या कौशल्यावर ठरतो. उपशीर्षकांचे भवितव्य मात्र कंटेनर ठरवतो.

फितींचा काळ

फॅनसबची सुरुवात १९८० च्या दशकात अमेरिकेतील ॲनिमे मंडळांतून झाली. त्या काळी निवडीला फारसा वाव नव्हता. जपानहून आणलेली फीत किंवा लेझरडिस्क एका यंत्रावर चालवायची, अमिगा संगणकातून निघणारी अक्षरे जेनलॉक नावाच्या उपकरणाने त्या चित्रावर चढवायची आणि ते मिश्रण दुसऱ्या व्हीसीआरमध्ये नव्या फितीवर मुद्रित करायचे, अशी पद्धत होती. अमिगासाठी लिहिलेली जाकोसब ही आज्ञावली या कामासाठी बरीच वापरली गेली. इच्छुक प्रेक्षक कोरी फीत आणि परतीचे टपालखर्च पाठवून आपली प्रत मागवीत असत.

या पद्धतीत उपशीर्षके चित्राचाच भाग होत. प्रतीवरून प्रत काढताना चित्र प्रत्येक वेळी अधिक अस्पष्ट होई आणि त्याबरोबर अक्षरेही धूसर होत. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रतीवर पिवळी, जाड, काळ्या कडेची अक्षरेच काय ती वाचता येत. फॅनसबमधील अक्षरांना जाड काळी कड देण्याची जी प्रथा पुढे डिजिटल काळातही टिकली, तिचे पूर्वरूप येथे आढळते.

पहिली डिजिटल स्वरूपे

१९९९ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एमपीईजी-४ कोडेकची फेरफार केलेली आवृत्ती ‘डिव्हएक्स’ या नावाने महाजालावर पसरली आणि अर्ध्या तासाचा भाग बऱ्यापैकी दर्जा राखून एका सीडीच्या अंशात बसवणे शक्य झाले. २००१ मध्ये मुक्त स्रोत असलेल्या एक्सव्हिडचे काम सुरू झाले. व्हर्च्युअलडब आणि एव्हीसिंथ या विनामूल्य आज्ञावल्यांमुळे घरच्या संगणकावर चित्र कापणे, स्वच्छ करणे आणि त्यावर अक्षरे चढवणे शक्य झाले. वितरणासाठी आधी आयआरसी गप्पाकक्ष आणि नंतर बिटटोरेंट यांचा वापर होऊ लागला.

या काळातील फॅनसबांचे आकारमान सीडीच्या हिशेबाने ठरे. ७०० मेगाबाइटच्या एका सीडीवर तीन भाग मावावेत म्हणून प्रत्येक संचिका २३३ मेगाबाइटची, चार मावावेत म्हणून १७५ मेगाबाइटची केली जाई. पुढे डीव्हीडी स्वस्त झाल्यावर सव्वीस भागांची संपूर्ण मालिका एका तबकडीवर बसेल असे सुमारे १७० मेगाबाइटचे मापही रूढ झाले. शांत, संवादप्रधान भागाला आणि धावपळीच्या लढाईने भरलेल्या भागाला सारखीच जागा देणारा हा हिशेब चित्राच्या दृष्टीने अयोग्यच होता. पण तो साठवणुकीच्या सोयीचा होता. तबकड्यांचा वापर मागे पडल्यावर ठराविक आकारमानाऐवजी ठराविक दर्जा धरून संकेतन करण्याची पद्धत आली आणि एकाच मालिकेतील भागांची आकारमाने वेगवेगळी दिसू लागली.

या काळातील जवळजवळ सर्व फॅनसब एव्हीआय कंटेनरमध्ये असत. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या या कंटेनरमध्ये उपशीर्षकांसाठी सर्वमान्य अशी जागाच नव्हती. भाषांतर वेगळे ठेवायचे तर दुसरी संचिका सोबत द्यावी लागे आणि ती हरवण्याची शक्यता मोठी असे. परिणामी मजकूर चित्रात कोरणे हाच नियम झाला.

कोरलेली आणि सुटी उपशीर्षके

चित्राच्या प्रत्येक फ्रेममध्ये रंगवून टाकलेल्या उपशीर्षकांना हार्डसब म्हणतात. चित्रापासून स्वतंत्र राहून पाहताना त्यावर उमटणाऱ्या उपशीर्षकांना सॉफ्टसब म्हणतात.

हार्डसबचा गुण एकच, पण तो मोठा आहे : जे उपकरण चित्र दाखवू शकते ते उपशीर्षकेही दाखवतेच. फॉन्ट नसणे, अक्षरे चुकीच्या जागी येणे, प्लेअरला स्वरूप न समजणे असे प्रश्न उद्भवत नाहीत. मंद गतीच्या संगणकांवर याचे महत्त्व विशेष होते, कारण चित्र उलगडण्यातच यंत्राची शक्ती खर्ची पडे आणि गाण्यांवरील नाचती अक्षरे त्याच वेळी रंगवणे त्याला झेपत नसे. याच कारणाने काही काळ एक मधला मार्ग रूढ होता : प्रारंभ व समाप्तीची गीते आणि पडद्यावरील पाट्या कोरायच्या, संवाद मात्र सुटे ठेवायचे.

हार्डसबची किंमत हळूहळू कळत जाते. अक्षरांच्या तीक्ष्ण कडा आवळणे कोडेकला अवघड जाते. कमी जागेत बसवलेल्या चित्रात अक्षरांभोवती बारीक ठिपक्यांची जाळी दिसते आणि अक्षरांसाठी खर्च झालेली जागा चित्राला कमी पडते. याहून गंभीर बाब म्हणजे मजकूर दुरुस्त करता येत नाही. नाव चुकीचे वाचले गेले, एखादे वाक्य उलट अर्थाने भाषांतरित झाले, किंवा बाराव्या भागात उलगडलेल्या रहस्यामुळे तिसऱ्या भागातील संवादाचा अर्थ बदलला, तर संपूर्ण चित्र पुन्हा संकेतबद्ध करून प्रेक्षकांनी ते पुन्हा उतरवून घ्यावे लागते. सॉफ्टसबच्या बाबतीत केवळ मजकुराचा फरक असलेली काही किलोबाइटची जोडसंचिका पुरते. एक्सडेल्टा या आज्ञावलीने अशा जोडसंचिका तयार करण्याची पद्धत समुदायात रूढ झाली. संचिकेच्या नावाच्या शेवटी चौकटी कंसात आठ अंक-अक्षरांची तपासणी-संख्या लिहिण्याची प्रथाही येथे उपयोगी पडे, कारण जोड बरोबर बसली की नाही हे त्या संख्येवरून लगेच कळे.

तिसरा परिणाम अन्य भाषिकांवर झाला. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, अरबी अशा भाषांतील अनेक गट जपानीवरून नव्हे, तर इंग्रजी फॅनसबवरून भाषांतर करीत. इंग्रजी मजकूर कोरलेला असेल तर त्यांना एकतर अक्षरविरहित चित्र शोधावे लागे किंवा इंग्रजी ओळीवर धूसर पट्टा ओढून त्यावर आपली ओळ लिहावी लागे. सुट्या उपशीर्षकांमुळे हे काम एका संचिकेच्या भाषांतरापुरते सोपे झाले. मात्र त्याच सोयीमुळे दुसऱ्याच्या मजकुरावर आपले नाव घालून तो वाटणेही सोपे झाले. अनेक गटांनी दीर्घकाळ हार्डसब सोडले नाहीत, त्यामागे ही धास्ती आणि चोरट्या डीव्हीडी विकणाऱ्यांना आयता माल मिळू नये ही इच्छा, अशी दोन्ही कारणे सांगितली जात. पहिले कारण समजण्याजोगे आहे. दुसऱ्यात तथ्य कमी, कारण चोरटी विक्री करणाऱ्याला कोरलेली उपशीर्षके अधिकच सोयीची ठरतात.

मात्रोस्का

सुट्या उपशीर्षकांचा मार्ग मोकळा केला तो मात्रोस्का या कंटेनरने. एकात एक बसणाऱ्या रशियन लाकडी बाहुल्यांवरून नाव घेतलेल्या या मुक्त प्रकल्पाची घोषणा ६ डिसेंबर २००२ रोजी झाली. त्याच सुमारास ऑगवर आधारलेला ओजीएम हा कंटेनरही काही गटांनी वापरला, पण तो लवकरच मागे पडला. मात्रोस्काच्या चित्रसंचिकांना एमकेव्ही हा प्रत्यय असतो.

फॅनसबच्या दृष्टीने त्यातील तीन सोयी निर्णायक ठरल्या. एकाच संचिकेत उपशीर्षकांचे कितीही प्रवाह ठेवता येतात. त्यामुळे ‘सान’, ‘सेनपाई’ यांसारखी जपानी संबोधने राखणारे आणि न राखणारे अशी दोन भाषांतरे शेजारी शेजारी देता येऊ लागली व जुन्या वादातून प्रेक्षकालाच निवड करता आली. लागणारे फॉन्ट संचिकेला जोडता येतात, त्यामुळे प्रेक्षकाच्या संगणकावर तो फॉन्ट असण्याची गरज उरत नाही. आणि प्रत्येक फ्रेमची वेळ स्वतंत्रपणे नोंदवता येते. या तिसऱ्या सोयीचे महत्त्व पुढे फ्रेमगतीच्या विभागात स्पष्ट होईल.

मात्रोस्काच्या प्रत्येक सोयीचा उपयोग शहाणपणाने झाला असे नाही. प्रारंभगीत दर भागात तेच असते म्हणून ते एका स्वतंत्र संचिकेत ठेवायचे आणि बाकीच्या भागांतून त्याचा केवळ निर्देश करायचा, अशी एक क्लृप्ती काही वर्षे लोकप्रिय होती. तीत दर भागामागे दीड मिनिटाच्या चित्राची जागा वाचे. पण अनेक प्लेअरांना असा निर्देश समजत नसे आणि ती गीतसंचिका हरवली की सर्वच भागांत खाच पडे. साठवण स्वस्त होत असताना केलेली ही बचत महागात पडणारी होती.

मात्रोस्का विंडोजवर आपोआप चालत नसे; वेगवेगळ्या कोडेक-संचांच्या झगड्यात प्रेक्षक गोंधळून जात. त्यावर उपाय म्हणून फॅनसब समुदायातूनच सीसीसीपी हा एकत्रित संच तयार झाला आणि अनेक गट आपले काम त्याच संचावर तपासून प्रकाशित करीत. कालांतराने व्हीएलसी व एमपीव्ही या प्लेअरांनी ती गरज कमी केली. २०१० मध्ये गूगलने जाहीर केलेला वेबएम हा मात्रोस्कावरच आधारलेला आहे, आणि विंडोज १० मध्ये एमकेव्ही संचिका चालवण्याची सोय अंतर्भूत करण्यात आली.

एएसएस आणि इतर उपशीर्षक स्वरूपे

सर्वांत साधे व सर्वत्र चालणारे उपशीर्षक स्वरूप म्हणजे एसआरटी. ओळीचा क्रमांक, सुरू व बंद होण्याची वेळ आणि मजकूर, एवढेच त्यात असते. संवादांपुरते ते पुरेसे आहे. परंतु ॲनिमेमध्ये दुकानांच्या पाट्या, पत्रे, भ्रमणध्वनीवरील संदेश, वर्गातील फळा असा लिखित जपानी मजकूर सतत पडद्यावर येतो आणि कथानक कित्येकदा त्यावरच फिरते. तो मजकूर संवादासोबत तळाशी दाखवल्यास कोणी काय म्हटले आणि कुठे काय लिहिले आहे यांची सरमिसळ होते.

१९९० च्या दशकात तयार झालेल्या सबस्टेशन अल्फा या आज्ञावलीच्या स्वरूपावरून विकसित झालेले एएसएस हे स्वरूप या गरजेतून फॅनसबचे प्रमाण स्वरूप बनले. ही संचिका साध्या मजकुराची असून तिचे तीन मुख्य भाग असतात : संचिकेची माहिती, अक्षरशैलींची यादी आणि घटनांची, म्हणजे ओळींची, यादी. ओळीच्या आत महिरपी कंसात आज्ञा लिहून अक्षरे पडद्यावरील नेमक्या बिंदूवर ठेवता येतात, फिरवता, तिरपी करता, सरकवता, हळूहळू विरघळवता आणि एखाद्या वस्तूमागे झाकता येतात. गाण्यातील प्रत्येक अक्षरगटाला स्वतंत्र वेळ देण्याची सोयही त्यात आहे. २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या एजिसब या मुक्त आज्ञावलीमुळे ध्वनिलहरी पाहत वेळजुळणी करणे आणि चित्रावर बोट ठेवावे तशी अक्षरे ठेवणे सुलभ झाले. कुशल हाताने केलेल्या पाटीचे भाषांतर मूळ चित्रातच रंगवलेले वाटते, इतकी ही कला पुढे गेली.

एएसएसमधील काही बारकावे नवशिक्या भाषांतरकारांना हमखास अडवतात. अक्षरांच्या जागा संचिकेत नमूद केलेल्या कल्पित पडद्याच्या मापाने मोजल्या जातात. ते माप नमूद केलेच नाही तर वेगळ्या आकाराच्या चित्रावर सर्व पाट्या भरकटतात. रंगांचाही असाच घोळ आहे. मानक दर्जाच्या आणि उच्च दर्जाच्या चित्रांत रंग मोजण्याची सूत्रे वेगळी असतात. जुन्या व्हीएसफिल्टरने एकच सूत्र गृहीत धरल्यामुळे पार्श्वभूमीशी जुळवलेला रंग दुसरीकडे किंचित वेगळा दिसे. पुढे कोणते सूत्र वापरले आहे हे सांगणारी नोंद संचिकेच्या शीर्षभागात आली.

एएसएस सर्वत्र समजले जात नाही, ही त्याची मोठी मर्यादा होय. संगणकावर लिबएएसएस हे मुक्त ग्रंथालय व्हीएलसी, एमपीव्ही इत्यादींमधून ते व्यवस्थित रंगवते. अनेक दूरचित्रवाणी संच मात्र एमकेव्ही उघडतात आणि त्यातील एएसएसच्या आज्ञा टाकून केवळ शब्द तळाशी दाखवतात. एका पाटीसाठी लिहिलेल्या दहा-बारा ओळी मग एकावर एक रचलेल्या दिसतात. एमपी४ कंटेनरमध्ये एएसएसला अधिकृत स्थान नाही, आणि न्याहाळकांना स्वतःहून समजणारे वेबव्हीटीटी हे स्वरूप क्षमतेने एसआरटीच्या जवळचे आहे. डीव्हीडी व ब्लू-रे तबकड्यांवरील उपशीर्षके मुळात मजकूर नसून चित्रे असतात. ती शोधता वा दुरुस्त करता येत नाहीत, आणि मजकुरात रूपांतरित करताना अक्षरओळखीच्या चुका शिरतात.

फ्रेमगती

ॲनिमे बहुधा सेकंदाला २४ फ्रेम या चित्रपटाच्या गतीने तयार होतो. त्यातही एकच रेखाटन दोन किंवा तीन फ्रेम टिकते. जपानी दूरचित्रवाणी मात्र सेकंदाला सुमारे ३० आंतरगुंफित फ्रेम दाखवत असे. त्यासाठी दर चार फ्रेमच्या पाच करण्याची टेलिसिने प्रक्रिया वापरली जाते. फॅनसबसाठी ती उलटवून सेकंदाला २३.९७६ फ्रेमचे मूळ चित्र परत मिळवणे हे संकेतनकाराचे पहिले काम असे, आणि ते बिघडले तर हलणाऱ्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसत.

काही भागांत २४ फ्रेमच्या चित्राबरोबर ३० फ्रेमची संगणकनिर्मित दृश्ये असतात. एव्हीआयमध्ये संपूर्ण संचिकेला एकच गती असल्याने काहींनी सेकंदाला १२० फ्रेम घोषित करून मधल्या बहुतेक रिकाम्या ठेवण्याचा द्राविडी प्राणायाम केला. मात्रोस्कात फ्रेमनिहाय वेळ नोंदवता आल्यावर तो संपला. उपशीर्षकांशी याचा संबंध थेट आहे : २३.९७६ गतीच्या चित्रात एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची असते, आणि ओळ दृश्य बदलल्यानंतर एक-दोन फ्रेम जरी रेंगाळली तरी डोळ्याला झटका जाणवतो.

दहा बिटांचा वाद

१ डिसेंबर २००३ रोजी जपानमध्ये भूपृष्ठीय डिजिटल प्रसारण सुरू झाले आणि २४ जुलै २०११ रोजी तीन प्रभागांचा अपवाद वगळता ॲनालॉग प्रसारण बंद झाले. २००३ मध्येच मान्य झालेले एच.२६४ हे मानक आणि त्यासाठीची एक्स२६४ ही मुक्त आज्ञावली यांच्या साहाय्याने फॅनसब उच्च दर्जाच्या चित्राकडे वळले.

ॲनिमेमध्ये सपाट रंगाचे व हळुवार छटांचे मोठे भाग असतात. संध्याकाळचे आकाश हे ठरलेले उदाहरण. प्रत्येक घटकाच्या २५६ पातळ्या असलेल्या ८ बिट संकेतनात अशा छटांचे स्पष्ट पट्टे पडतात. ते लपवण्यासाठी मिसळलेले सूक्ष्म कण राखायला पुष्कळ जागा लागते. १०२४ पातळ्यांच्या १० बिट संकेतनात गणिताची अचूकता वाढते, त्यामुळे मूळ चित्र ८ बिटचे असले तरी कमी जागेत पट्टेविरहित छटा मिळतात. २०११ मध्ये अनेक गट या प्रकाराकडे वळले.

अडचण अशी की एच.२६४ चा १० बिट प्रकार ब्लू-रेच्या मानकात नव्हता आणि बहुतांश चित्रपत्रिका, भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी संचांतील चिपांना तो उलगडता येत नसे. जुन्या प्लेअरवर हिरवट-गुलाबी ठोकळे दिसत. नव्या संगणकाचा प्रोसेसर ते काम करी, पण ज्यांच्याकडे केवळ जुना संगणक किंवा भ्रमणध्वनी होता असे प्रेक्षक एका रात्रीत बाहेर फेकले गेले. संकेतनकारांच्या मते स्वरूप प्रेक्षकाच्या दुबळ्यात दुबळ्या यंत्रावरून ठरवले तर प्रगतीच होणार नाही. विरोधकांच्या मते विनामूल्य काम केल्याने प्रेक्षकाची गैरसोय क्षम्य ठरत नाही. काही गटांनी १० बिट एमकेव्ही आणि हार्डसब असलेली ८ बिट एमपी४ अशा दोन आवृत्त्या काढून तोडगा काढला. त्यात संकेतनाचे श्रम दुप्पट होत. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांपेक्षा तो प्रेक्षकांना अधिक उपयोगी पडला.

२०१३ मधील एचईव्हीसी मानकाचा १० बिट प्रकार उपकरणनिर्मात्यांनी सुरुवातीपासून स्वीकारल्याने हा प्रश्न पुढे सौम्य झाला. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ च्या मुख्य प्रकारात १० बिट अंतर्भूतच आहे, मात्र संकेतनास लागणारा वेळ आणि जुन्या उपकरणांची मर्यादा हे प्रश्न त्यासही आहेत.

चित्राच्या मापाबाबतही अशीच तारतम्याची गरज असते. बऱ्याच ॲनिमे मालिका १०८० ओळींपेक्षा कमी मापात रेखाटून नंतर मोठ्या केल्या जातात, आणि जपानच्या अनेक भूपृष्ठीय वाहिन्या १४४०×१०८० मापाचे चित्र प्रसारित करतात. त्यामुळे दूरचित्रवाणीवरून घेतलेल्या मालिकेसाठी १२८०×७२० ची आवृत्ती पुष्कळदा पुरेशी ठरते. ध्वनीसाठी एएसी किंवा ओपस आणि ब्लू-रेवरून घेतलेल्या आवृत्त्यांसाठी फ्लॅक वापरण्याचा प्रघात आहे.

कायदेशीर बाजू

साहित्य व कलाकृतींच्या संरक्षणासाठीच्या बर्न करारानुसार भाषांतराचा अधिकार मूळ कर्त्याकडे असतो, आणि भारताचा १९५७ चा प्रताधिकार कायदाही साहित्यकृतीच्या भाषांतराचा हक्क तिच्या धारकास देतो. फॅनसब गटांनी ‘विक्रीसाठी नाही’ अशी सूचना देणे आणि मालिकेचे हक्क विकले जाताच वितरण थांबवणे हे संकेत पाळले तरी त्याने कायदेशीर स्थिती बदलत नाही. डिसेंबर २००४ मध्ये मीडिया फॅक्टरी या जपानी कंपनीने आपल्या कृतींचे फॅनसब थांबवण्याची मागणी करणारी पत्रे धाडली. केवळ उपशीर्षकांची संचिका, चित्राविना, वाटणे सुरक्षित असते असा समज प्रचलित आहे. ॲमस्टरडॅमच्या जिल्हा न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये नेदरलँड्सपुरता तो फेटाळला : संवादांचे परवानगीविना केलेले भाषांतर हेच मुळात हक्कभंग ठरते. २००९ च्या प्रारंभी क्रंचीरोलने जपानी प्रसारणानंतर अल्पावधीतच परवानाकृत उपशीर्षके देण्यास सुरुवात केल्यावर फॅनसबची मूळ निकड ओसरली. या सेवेनेही उपशीर्षकांसाठी एएसएसचा वापर केला, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

देवनागरी उपशीर्षकांचे विशेष प्रश्न

वरील स्वरूपे रोमन व जपानी लिपी डोळ्यांसमोर ठेवून वाढली. मराठी किंवा हिंदी उपशीर्षकांसाठी, मग ती परवानाकृत चित्रफितीची असोत वा स्वतःच्या लघुपटाची, त्यांचा वापर करताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात.

जोडाक्षरे आणि मात्रा योग्य जागी बसवण्यासाठी अक्षरजुळणीची स्वतंत्र यंत्रणा लागते. लिबएएसएस त्यासाठी हार्फबझचा आधार घेते. संचिकेच्या शीर्षभागात भाषेची नोंद केल्यास ती हार्फबझपर्यंत पोहोचते आणि ज्या फॉन्टात सोय आहे त्यात ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे उमटू शकतात. दूरचित्रवाणी संचांत मात्र ही यंत्रणा असेलच असे नाही, आणि तेथे ‘कि’मधील वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसते किंवा शब्दांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. अशा प्रेक्षकांसाठी हार्डसबला पर्याय उरत नाही. म्हणून देवनागरीच्या बाबतीत कोरलेली एमपी४ आवृत्ती वाटून मूळ एएसएस संचिका जपून ठेवणे हा मार्ग इंग्रजीपेक्षा अधिक समर्थनीय ठरतो.

शैलीतील अक्षरांमधील अंतर शून्यच ठेवावे लागते, अन्यथा शिरोरेखा तुटते. इंग्रजीसाठी ठरवलेली जाड कड देवनागरीतील लहान पोकळ्या भरून टाकते. गाण्याच्या ओळीतील वेळखुणा पूर्ण अक्षराच्या सीमेवरच घालाव्या लागतात. ‘स्वप्नात’ हा शब्द ‘स्व’, ‘प्ना’, ‘त’ असा तोडता येतो, पण खूण व्यंजन आणि मात्रा यांच्या मध्ये पडल्यास मात्रा सुटी पडून तुटक वर्तुळावर बसलेली दिसू शकते. संचिकेस जोडण्यासाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट उपलब्ध आहेत. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर तर वापरूच नये. तो फॉन्ट नसेल तेथे त्या ओळी निरर्थक रोमन चिन्हांच्या स्वरूपात दिसतात.

मराठीपुरता एक धोका अगदी सूक्ष्म आहे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, किंवा साध्या ‘र’ला हलंत चिन्ह व त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह देऊन. संचिका एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना ‘अदृश्य चिन्हे काढा’ अशी सोय वापरली तर दुसऱ्या प्रकारातील जोडचिन्ह नाहीसे होते आणि डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो, म्हणजे ‘दर्या’. शुद्धलेखन तपासनीसाला हा शब्द बरोबरच वाटतो. पहिल्या प्रकाराने टंकलेला मजकूर या रूपांतरातून सुखरूप जातो.